मधल्या भागाची शेवटची सोळा पानं

१

हरिसिंग मास्तरांचं बाड मोहिउद्दीनच्या दुकानातून गेलं ते मंगळवारी दुपारी. मोहिउद्दीन नमाजाला गेला तेव्हा बाड फळीवर होतं, परत आला तेव्हा नुसती फळी होती. चार वाजेस्तोवर बातमी उमरखेडच्या वाचनालयात पोचली आणि विमलताईंनी समोरचं रजिस्टर मिटून ठेवलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रजिस्टर पाचाच्या आत कधी मिटलं नव्हतं.

बाड कशाचं, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. साल एकोणीसशे एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी तांड्यावरच्या शाळेतले हे हरिसिंग राठोड मास्तर 'मिठाचा मुलूख' नावाची एक अद्भुत कादंबरी लिहून बसले आणि यवतमाळच्या एका छापखान्यानं ती छापली. एका राक्षस राजानं जगातलं सगळं मीठ डोंगराच्या पोटात कोंडलं आहे, आणि लमाणांच्या तांड्यातली केसुला नावाची पोर एका बोलणाऱ्या बैलाला घेऊन ते सोडवायला निघते, अशी ती गोष्ट. पहिल्या भागाच्या शेवटी केसुला डोंगरात शिरते आणि तिच्या मागं वाट बुजते. 'तीन भागांपैकी पहिला' असं खाली छापलं होतं. तेव्हापासून सगळा तालुका त्या डोंगराशी ताटकळत होता. बाजाराला आलेली माणसं भाजीची पिशवी घेऊन वाचनालयात डोकावत आणि विचारत, "निघाली काय जी पोरगी बाहेर?"

आता दुसरा भाग लिहून झाला होता. एकच प्रत, मास्तरांच्या हातची. आणि तो सगळ्यात आधी वाचायचा मान विमलताईंचा होता.

हा मान त्यांना कोणी दिला नव्हता. पहिल्या भागाची प्रुफं त्यांनी तपासली होती, त्या जोरावर त्यांनी तो परस्पर घेऊन टाकला होता. लग्न झालं नव्हतं, शेतवाडी नव्हती, भावाच्या घरी एक खोली होती. पण केसुलाचं पुढं काय झालं हे अख्ख्या तालुक्याच्या आधी आपल्याला कळणार, एवढी एक गोष्ट त्यांच्या मालकीची होती. मास्तरही भीडेनं म्हणाले होते, "बांधून झालं का तुमच्याकडेच आणतो, ताई."

आणि आता कोणीतरी, कुठंतरी आरामात बसून ते वाचत असेल. या विचारानं त्यांचं जे झालं त्याला चोरीचा संताप म्हणणं सभ्यपणाचं झालं असतं. तो निव्वळ मत्सर होता, आणि विमलताई स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

हरवलेलं पुस्तक शोधण्यात मात्र त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. घाटंजीला बदलून गेलेल्या एका तलाठ्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोच्या लोणच्याच्या बरणीखालून त्यांनी वाचनालयाचं पुस्तक ओढून आणलं होतं. त्यांनी छत्री उचलली आणि त्या मोहिउद्दीनच्या दुकानाकडे निघाल्या.

२

दुकानात मास्तर आधीच येऊन बसले होते. पस्तिशीचा उंच माणूस, पण त्या दिवशी तो पोत्यासारखा खाली बसला होता.

"परत लिहाले जमते काय, मास्तर?" मोहिउद्दीन विचारत होता. त्याच्या हाताला खळ लागलेली तशीच वाळली होती.

"नाई जमत," मास्तर म्हणाले. "एकदा जे येते ते एकदाच येते. दुसऱ्यांदा लिहिलं का ते मास्तरचं लिहिणं होते, केसुलाचं नाई."

विमलताईंनी छत्री कोपऱ्यात टेकवली आणि सरळ विचारपूस सुरू केली. बाड सुटं होतं की शिवलेलं? सुटं. शिवायचं होतं तेच तर काम होतं. पानांवर आकडे? नव्हते. मास्तर पानांवर आकडे घालतच नसत. त्यांचे वडील तांड्यात गोष्टी सांगायचे आणि म्हणायचे, गोष्ट मोजली की ती तिथंच बसते, पुढं चालत नाही. मास्तर शाळेत पोरांना पाढे घोकून घ्यायचे, पण स्वतःच्या गोष्टीचं एक पान त्यांनी मोजलं नव्हतं. त्यामुळं लिहून होताच बाड शिवून घेणं भाग असे. वारा आला आणि पानं उडाली, तर ती परत लावणं लिहिणाऱ्यालाही जड गेलं असतं.

"हे आकड्यांचं कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"घरच्यांले. मोहिउद्दीनभाईले. तुमाले." मास्तरांनी रिकाम्या फळीकडं पाहिलं. "आन भीमराजले."

"आता आज दुकानात कोण कोण आलं ते सांगा."

मोहिउद्दीननं बोटांवर मोजलं. "दुपारी तिघं आले, बाई. मास्तरांच्या घरच्या रुपीबाई आल्या, बाजाराचं गाठोडं ठिवून गेल्या. स्टँडवरचा भीमराज आला, त्याले एक फाईल बांधायची होती." त्यानं नजर खळीच्या भांड्यात घातली. "आन तिसऱ्या तुमी. बारा वाजता आल्या होत्या, झालं काय म्हणून पाह्यले."

मास्तरांनी विमलताईंकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, पण तो यायला किती जागा आहे हे विमलताईंना स्पष्ट दिसलं.

३

बुधवारी सकाळी त्या दोन मैल चालत तांड्यावर गेल्या. मास्तरांची बायको रुपीबाई कांचळीवर, आपल्या लमाणी चोळीवर, आरशाचे तुकडे शिवत होती. हातातली सुई अशी चालत होती की टाके मोजून घेतल्यासारखे एकाला एक लागून बसत होते.

विमलताईंना रुपीबाईशी बोलायला कधीच आवडलं नव्हतं. पहिल्या भागाच्या पहिल्या पानावर 'माझ्या घरच्या माणसास' असं छापलं होतं, आणि ती ओळ प्रुफात तपासताना त्यांना उगाचच तीनदा वाचावी लागली होती. ज्या बाईला अक्षर येत नाही तिला अख्खं पुस्तक, आणि जिनं काना-मात्रा सुधारल्या तिचं नाव कुठंच नाही.

"मंगळवारी तुम्ही दुकानात गेला होता," त्या म्हणाल्या.

"गेलती."

"बाड पाहिलंत?"

"पाह्यलं. डोळे हायेत मले." रुपीबाईनं दोरा दातानं तोडला. "ताई, तुमी विचारून राह्यल्या तर सांगते. ते कागद घरात आले का माणूस घरातून जाते. जेवाले बसला तरी मनानं तिकडेच, त्या डोंगरात. दोन वर्सं मी त्या पोरीसंगं संसार केला. ती केसुला माही सवत हाये. कितीकदा वाटलं, चुलीत घालावं."

"मग?"

"मग काय? चुलीत घालणारी असती तर घरातच घातलं असतं. चूल इथं, कागद इथं. त्यासाठी मोहिउद्दीनभाईच्या दुकानात कायले जाऊ?" तिनं मान वर केली. "आन तुमाले एक विचारू? ते वाचाले साऱ्यात जास्त घाई कोणाले होती?"

विमलताई उठल्या. उत्तर त्यांना परतीच्या वाटेवर सुचलं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

भीमराज त्यांना एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत सापडला. तीस वर्षांचा, शांत, कमी बोलणारा माणूस. वाचनालयाचा नेमानं येणारा वाचक. येईल तेव्हा मासिक शेवटच्या पानापासून चाळायचा आणि पुस्तक परत करताना टेबलावर नेहमी पालथं ठेवायचा. विमलताई न बोलता ते सुलटं करून घ्यायच्या. अशा बारीकसारीक सवयींवर वाचकाला बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता.

"मास्तरांची तुमची ओळख जुनी ना?"

"अठ्ठेचाळीसची," भीमराज म्हणाला. "रझाकारांच्या धामधुमीत मी पैनगंगा ओलांडून इकडं आलतो. सतरा वर्सांचा होतो. मास्तरच्या बापानं मले दोन महिने तांड्यात लपवलं. दिवसा जवारीच्या कणगीत, आन संध्याकाळी बाहेर." त्यानं सुटे पैसे गल्ल्यात टाकले. "मग इकडेच राह्यलो."

"दुसऱ्या भागाबद्दल ते तुमच्याशी कधी बोलले?"

"माह्याशी?" त्यानं एका म्हाताऱ्याला पुसदचं तिकीट फाडून दिलं. "पह्यला भाग मी तुमच्याच वाचनालयातून वाचला, ताई. चौदावा नंबर होता माहा. साडेतीन महिन्यांनी पुस्तक हाती आलं. तेव्हा दुसऱ्याचं मले कोण सांगते?"

हे तो असं म्हणाला की विमलताईंना जरा बरं वाटलं. चौदावा नंबर. आपला पहिला.

४

गुरुवारी सकाळी आठला वाचनालय उघडताना, ओसरीवरच्या बाकावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बाड पडलेलं होतं.

विमलताईंनी इकडंतिकडं पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या आत गेल्या, दार लावून घेतलं, आणि मास्तरांना निरोप धाडण्याआधी उभ्याउभ्या बारा पानं वाचून काढली. केसुला डोंगरात होती. तिथं तिला नदीपल्याडचा एक मुलगा भेटतो, जो धान्याच्या कणगीत लपलेला आहे. तेराव्या पानाला त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्यांनी निरोप धाडला.

मास्तर आले, पानं चाळून पाहिली आणि खाली बसले. "शेवटचं प्रकरण नाई," ते म्हणाले. "सोळापानी वही फाडून लिहिलं होतं. सोळाच्या सोळा नाईत."

बाकी सगळं होतं, अगदी ओळीनं लागलेलं. पण प्रत्येक पानाला एका कडेनं सुईची भोकं होती. कोणीतरी बाड शिवलं होतं आणि परत उसवलं होतं. आणि ती भोकं डाव्या कडेला नव्हती, उजव्या कडेला होती. मास्तर कागदाच्या एकाच बाजूला लिहीत, डावीकडं समास सोडत आणि उजवीकडं पार कडेपर्यंत लिहीत, त्यामुळं भोकं ओळींच्या शेवटच्या अक्षरांतून आरपार गेली होती.

निरोप घेऊन गेलेल्या शिपायानं हे पाहिलं आणि दुपारपर्यंत गावानं निकाल लावून टाकला. उजवीकडून कोणाची पुस्तकं शिवतात? उर्दूवाल्यांची. गावात शिवणारा उर्दूवाला कोण? मग विचारायचं काय राहिलं? संध्याकाळच्या आत चार गिऱ्हाइकांनी मोहिउद्दीनच्या दुकानातून आपल्या वह्या, पोथ्या अर्धवट बांधलेल्या तशाच उचलून नेल्या. मोहिउद्दीन कोणाशी भांडला नाही. प्रत्येकाला त्याचं त्याचं काढून देत राहिला आणि विमलताई आल्या तेव्हा दुकान झाडत होता.

"मी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकलो, बाई," तो म्हणाला. "कुराण शरीफ बांधतो ते उजवीकडून, ज्ञानेश्वरी बांधतो ते डावीकडून. पह्यले पाह्यतो का लिहिणं कुठून चालू हाये, मग टोच्या हातात घेतो. पन हे कोणाले सांगू?"

मास्तरांनी जे ठरवलं ते त्याहून वाईट होतं. शेवटाशिवाय दुसरा भाग छापायला देणार नाही. आणि दुसराच अर्धा राहिला तर तिसरा लिहायचा कोणत्या तोंडानं? रविवारपर्यंत वाट पाहतो, म्हणाले, नाहीतर रुपीच्या चुलीलाच देतो. रुपीबाई दोन वर्षं ज्याची वाट पाहत होती ते तिला असं आयतं मिळणार होतं.

त्या रात्री विमलताईंना झोप लागली नाही, हे सांगायला नको. आपल्या आधी कोणीतरी ते वाचलं होतं, शेवटासकट. आणि आपल्याला तो शेवट कदाचित कधीच कळणार नव्हता.

५

शुक्रवारी दुपारी त्यांनी बाडाचं एक पान उजेडात धरलं आणि पुस्तकाची नोंद करतात तसा चोराचा विचार सुरू केला.

ज्याला बाड जाळायचं आहे तो ते शिवत बसत नाही. शिवतो तो वाचण्यासाठी, पानं विस्कटू नयेत म्हणून. म्हणजे पानांवर आकडे नसल्याचं त्याला माहीत होतं. हे माहीत असलेली माणसं चार. पैकी रुपीबाईला वाचता येत नाही; आणि ही भोकं वेडीवाकडी, एक इथं तर दुसरं तिथं. तिचा हात झोपेतसुद्धा असा टाका घालणार नाही. मोहिउद्दीनचा तर मुळीच नाही. तो टोच्यानं सारख्या अंतरावर भोकं पाडतो आणि आधी लिखाण पाहतो. दोन्हीकडून बांधणारा माणूस ही चूक करणार नाही. ही चूक करील तो हात असा, ज्याला बांधायची सवय नाही पण लहानपणी एकाच बाजूचं वळण लागलं आहे. त्यानं घाईत गठ्ठा सारखा केला, हाताला येईल त्या कडेनं शिवला, उघडून पाहतो तर ओळी शिवणीत गेलेल्या. मग उसवून सुटंच वाचलं.

मग उरलं कोण? त्या स्वतः आणि भीमराज. पण भीमराज हिंदू, त्याला उर्दूचं वळण कुठून लागणार? विमलताई इथंच अडल्या.

चारच्या सुमाराला भीमराजच पुस्तक परत करायला आला. टेबलावर ठेवलं आणि नवीन पाहायला कपाटाकडे वळला. विमलताईंनी नेहमीप्रमाणं ते पालथं पुस्तक सुलटं करायला हात पुढं केला, आणि हात तिथंच राहिला.

पुस्तक पालथं नव्हतंच. भीमराजच्या हिशेबी ते सुलटं होतं. त्याच्यासाठी पुस्तक त्या बाजूनं सुरू होत होतं.

नदीपलीकडं निजामाचं राज्य होतं. तिथं मिडलच्या शाळेत भूगोल, गणित, सगळं उर्दूतून शिकवत. जात-धर्म कोणी विचारत नसे. सतरा वर्षांपर्यंत भीमराज तिकडं होता. सगळ्या गावानं मशिदीकडं बोट दाखवलं आणि पैनगंगेकडं कोणी पाहिलं नाही, खुद्द विमलताईंनीही नाही. पैनगंगा तांड्यापासून फार तर चार मैलांवर.

"भीमराज," त्या म्हणाल्या, "एक काम करता? पुढच्या महिन्याचं रजिस्टर शिवायचं आहे. मोहिउद्दीनला आता कोणी कागद देत नाही, आणि मला शिवता येत नाही."

मोहिउद्दीनचं नाव निघताच त्याचे कान लाल झाले. पण तो बसला. कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यानं मांडीवर ठोकून सारखा केला, सुई ओवली आणि वेडेवाकडे पाच टाके घातले. मग वही टेबलावर ठेवली.

"बरोबर हाये काय, ताई?"

"आता पहिलं पान उघडा, म्हणजे तारीख घालते."

भीमराजनं वही उघडली. शिवण त्याच्या उजव्या हाताला होती. क्षणभर त्याला काही कळलं नाही. मग कळलं, आणि त्यानं त्या कोऱ्या पानावर पालथा हात ठेवला.

"सोळा पानं कुठं आहेत?" विमलताईंनी विचारलं.

त्यानं सदऱ्याच्या आतून घडी काढून टेबलावर ठेवली.

६

"मले चोरी नव्हती करायची," भीमराज म्हणाला. "फाईल द्यायले गेलतो. फळीवर त्याचं अक्षर दिसलं. मोहिउद्दीनभाई नमाजाले गेला आन मी ते उचललं. त्यानं लिहून पुरं केलं आन मले सांगतलंसुद्धा नाई. ताई, अठ्ठेचाळीस साली ही केसुला कुठून आली ठाऊक हाये तुमाले? मी कणगीतून निघालो का रडत बसायचो, घरच्यांचा पत्ता नव्हता. मंग तो मले रोज संध्याकाळी एक तुकडा सांगे. मीठ, डोंगर, बैल, सारं. दोन महिने. साऱ्यात पह्यले मी ऐकलं. आन पुस्तक निघालं तेव्हा मी चौदावा."

विमलताईंना समोरचं टेबल जरा दूर गेल्यासारखं वाटलं. म्हणजे त्या पहिल्या नव्हत्याच. पहिल्या भागालाही नव्हत्या. तेरा वर्षांपूर्वी, त्यांना केसुलाचं नावही ठाऊक नसताना, हा माणूस तिच्या डोंगरापाशी जाऊन आला होता.

"मग शेवट का ठेवून घेतलात?"

"या भागात मी हाओ. कणगीतला पोरगा मीच. साऱ्या पुस्तकभर तो केसुलासंगं हाये. आन शेवटच्या सोळा पानांत तांडा नदी उतरून निघून जाते आन त्याले काठावर ठेवते." त्यानं घडी टेबलावर जरा पुढं सरकवली. "ते पानं माह्याजवळ हायेत तोवर तांडा गेला नाई. असं वाटलं मले. येड्यासारखं हाये, मले कळते. पन मोहिउद्दीनभाईवर येईन हे ध्यानात नाई आलं. आज बोलायचं म्हणूनच आलतो, तोंड उघडलं नाई." त्यानं घडीकडं पाहिलं. "मास्तरले नाव नोका सांगू, ताई. कुठं सापडली म्हणून द्या. तो मले दारात उभं नाई करणार."

"नाव सांगावं लागेल," विमलताई म्हणाल्या. "मोहिउद्दीनचं दुकान बसलं आहे."

कारण खरं होतं आणि पुरेसंही होतं. पण त्याच्या मागं दुसरं एक दडलेलं होतं आणि विमलताईंना ते दिसत होतं. मास्तर या माणसाला घालवून देतील, मग केसुलाचं सगळ्यात आधी ऐकणारं एकच माणूस उरेल, ते म्हणजे आपण. त्यांनी छत्री घेतली आणि भीमराजला पुढं घातलं. दोन मैल ती सोळा पानं त्यांच्या हातात होती आणि त्यांनी घडी उघडली नाही. मोह झाला नाही असं नाही. भीमराज पाहत होता.

तांड्यावर मास्तर आतल्या खोलीत बसले होते, बाड समोर होतं. विमलताईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सुई, भोकं, आकडे, नदीपलीकडची शाळा, कोरी वही. त्यांनी आयुष्यात इतकं चांगलं कधी सांगितलं नव्हतं. एकही दुवा त्यांनी गाळला नाही, आणि शेवटी भीमराजचं नाव घेताना आवाजात जी धार आली ती त्यांनी लपवलीही नाही.

मास्तरांनी सोळा पानं घेतली, बाडाखाली ठेवली.

"कुठं वाचलं?" त्यांनी भीमराजला विचारलं.

"स्टँडच्या मागं. चिंचेखाली."

"एका बैठकीत?"

"दोन बैठका. बैल मरते तिथं उठून गेलतो."

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते विमलताईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी प्रुफं तपासून आणून दिली होती, स्तुती केली होती, चुका दाखवल्या होत्या, तेव्हा हे आलं नव्हतं.

"मी तुले पुस्तक काहून नाई आणून दिलं, सांगू?" मास्तर म्हणाले. "भेव वाटत होतं. तुह्या आसवांवर मी माहं नाव छापलं, असं तू म्हणशीन म्हणून."

"मी काईच म्हणत नाई. मले एवढंच सांग, मले काठावर काहून ठेवलं?"

"अरे, मधला भाग हाये हा. पह्यल्यात माणूस निघते, तिसऱ्यात पोचते. मधल्यात कोणाले तरी काठावर राहाच लागते, नाई तर तिसऱ्यात त्याले घ्याले परत कोण येईन?" मास्तरांनी सतरंजीवर जागा केली. "बस. तिसरा मी अजून लिहिला नाई. बारा दिवसांपासून अडून बसलो हाओ. पह्यल्यावानी तुले सांगून पाह्यतो. अडलं तर तुह्या तोंडावर दिसते मले."

भीमराज बसला. विमलताईही छत्री ठेवून खाली टेकणार, तेवढ्यात मास्तर त्यांच्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, तुमचे उपकार हायेत. उद्या सकाळी मी बाजारात उभा राहून साऱ्याईसमोर मोहिउद्दीनभाईची माफी मांगतो, भीमराजले घेऊन. दुसरा भाग सोमवारी तुमाले वाचाले आणून देतो, आकडे नाईत तरी." मग ते थोडे संकोचले. "जाता जाता तेवढं दार लोटून घ्या. तिसरं कोणी असलं का मले सांगता येत नाई."

विमलताईंनी दार लोटलं. आपल्याच हातानं, आवाज न करता, नीट.

ओट्यावर रुपीबाई बसली होती. तिनं विमलताईंच्या तोंडाकडे पाहिलं. मांडीवरची कांचळी बाजूला ठेवली आणि थोडी सरकली.

"बसा, ताई," ती म्हणाली. "मी बारा वर्सांपासून इथंच बसून राह्यली."

विमलताई तिच्या शेजारी बसल्या. आतून मास्तरांचा आवाज येत होता, मधून मधून भीमराजचं हसूही येत होतं, पण शब्द काही लागत नव्हते.